हातावरचा शब्द

सिटी सेंटरमध्ये बँकेशेजारी गोंदवून घेण्याचं नवं दुकान निघालं आहे. परवा काचेआड एक मुलगी मनगट पुढे करून बसली होती. सुईची बारीक घरघर बाहेर रस्त्यापर्यंत येत होती आणि ती मुलगी खुशीत हसत होती. मला तिथे उभं राहवलं नाही. मावशी आठवल्या.

नया बाजारातल्या एका मंदिराच्या माडीवर मी दुपारी मोठ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवत असे. मावशी साठीच्या, पिढ्यांपूर्वी मराठी फौजेबरोबर दख्खनेतून इकडे उत्तरेत आलेल्या घराण्यातल्या. पहिल्याच दिवशी पाटी मांडीवर घेऊन म्हणाल्या, "ताई, मला एक शब्द येतो. ह्यांचं नाव." आणि डाव्या हातावरचं गोंदण बघत बघत त्यांनी दोन अक्षरं पाटीवर उतरवली. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत नवऱ्याने मित्रांच्या घोळक्यात उभं राहून ती हौसेने त्यांच्या हातावर गोंदवून घेतली होती म्हणे. पाटीवर लिहिलेलं होतं, 'गधी', म्हणजे गाढवीण. वर्गात वाचता येणारी मी एकटीच. पुढे कित्येक दुपारी मी त्या हिरवट पडलेल्या अक्षरांकडे बघत राहिले. याच हाताने त्यांनी सगळ्या घराला वाढलं होतं, दोन मुलांना बोट धरून शाळेत सोडलं होतं. जो जो वाचू शकत होता, त्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

'ध' शिकून झाला त्या दिवशी 'धागा' वाचता वाचता मावशी थांबल्या. पदर सारून त्यांनी हातावर बोट ठेवलं, ओठ हलले. "ताई, हे ह्यांचं नाव नाही."

"नाही, मावशी."

"मुलांना पूरा माहीत असणार."

त्यांनी धड्याचं उरलेलं पान वाचून संपवलं आणि मगच उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं ते बाजारहाट सांगावा तसं. "विचारलं त्यांना. हसले. म्हणाले, इतकी वर्षं लागली तुला? थोरलाही हसला. शाळेत जायला लागला तेव्हाच त्याने वाचलं होतं." मग पाटीवर वाकल्या. त्यानंतर त्यांच्याइतक्या झपाट्याने माझ्या वर्गात कुणीच शिकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी शहराच्या लष्कर भागातल्या त्यांच्या घरी गेले. मधुमेहाने नवऱ्याची नजर पुरती गेली होती. ते उन्हात खाटेवर, समोर मावशी वर्तमानपत्र उघडून, मनातल्या मनात वाचत. पान उलटताना मात्र त्या मुद्दाम मोठा आवाज करत. त्या आवाजासरशी म्हातारा मान पुढे काढी. "वाच ना गं. काय लिहिलंय?"

"आज काही खास नाही," मावशी म्हणाल्या आणि पुढची ओळ वाचू लागल्या.

माझी चाहूल लागताच ते माझ्या दिशेने वळले. "ताई, तुम्ही तरी हिला सांगा. सगळा दिवस असा जातो." त्यांचा आवाज रडवेला होता. मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी चहा प्याले.

अक्षरं आली की माणूस मोकळं होतं, असं मी नव्या बायकांना सांगत असे, अजूनही सांगते. त्या मोकळेपणाचा चेहरा कसा असेल, हे मात्र मी कधी मनाशी पाहिलं नव्हतं. दिलेली अक्षरं परत मागता येत नाहीत. त्या अंगणात बसून, त्या म्हाताऱ्याच्या ताणलेल्या मानेकडे बघतानाही, मला ती मागावीशी वाटली नाहीत.