पाखरांचा वाटा

यंदा पारूबाईनं दिलेला करवंदांचा द्रोण शिगोशीग भरलेला होता, आणि तेच मला खटकलं. दर वैशाखात ती डोंगरावरून करवंदं आणून बाजाराच्या तोंडाशी बसते. पण जाळीच्या शेंड्याची फळं तिनं कधी तोडली नाहीत. ती पाखरांची, असा तिच्या वाडीचा रिवाज. बुलबुल ती खातात, बिया लांब कुठंतरी टाकतात आणि तिथं नवी जाळी उठते. तिच्या काट्यांत गुरांचं तोंड शिरत नाही, म्हणून आत जांभळाचं, हिरड्याचं एखादं रोप निवांत वाढतं. अख्खं रान या बोचऱ्या बाईच्या ओच्यात वाढलं, असं मला नेहमी वाटायचं.

द्रोणात काळ्या फळांबरोबर हिरवीही होती. देठांवर चीक वाळला होता.

"पारूबाई, पाखरांचा वाटा ठेवला नाही यंदा?"

"ठिवू कशावर, दादा? तिथं प्लॉट पाडल्यात. जेसीबीनं जाळ्या उपटून ढीग घातलाय. त्या ढिगातनं वेचून आणल्यात ही."

मला करवंदं खाववेनात. घरी येऊन मी द्रोण गच्चीच्या कठड्यावर ठेवला. बुलबुल आले, खाऊन गेले. संध्याकाळी कठड्यावर जांभळे शिंतोडे दिसले आणि त्यांत चपट्या बिया. मी खाली पाहिलं. नजर पोचेल तिथवर फरश्या, सिमेंट आणि पत्रे. बिया कुठं टाकाव्यात ते सुचेना.

शेवटी ओलं फडकं आणून कठडा पुसून घेतला.