मागच्या वर्षीचे सर

आमच्या घरात मागच्या वर्षाचं नाव कोणी काढत नसे. काढण्यासारखं त्यात काही नसायचंच. पेठ गावाच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर आमचं भाताचं रान. संक्रांतीच्या आत घरातला भात संपायचा, मग दाराला कुलूप लावून आई-बापू दिंडोरीकडे द्राक्षांच्या मळ्यात मजुरीला जायचे आणि मी आश्रमशाळेत. ‘पुढलं साल बरं जाईल,’ एवढंच बापू म्हणायचे. अशा घरातून मी नाशिकला कॉलेजात आले आणि मला भेटला असा माणूस, ज्याच्या तोंडी मागच्या वर्षाशिवाय दुसरं काही नाही.

ते आमचे बास्केटबॉलचे सर. मुली त्यांना ‘मागच्या वर्षीचे सर’ म्हणत. नव्या मुलीला वाटे, हे मागच्या वर्षी असतील, आता सोडून गेले. सर तर शिट्टी गळ्यात अडकवून समोर उभे! “मागच्या वर्षीच्या मुली एव्हाना पळून मोकळ्या झाल्या असत्या.” “मागच्या वर्षी असा पास कोणी सोडला नसता.” हरलो तरी मागचं वर्ष, जिंकलो तरी मागचं वर्ष. एकदा आम्ही एका नावाजलेल्या कॉलेजला चांगलं धुतलं. ओरडत, उड्या मारत सरांकडे धावलो. ते बुटाची नाडी बांधत म्हणाले, “मागच्या वर्षी निदान घाम तरी यायचा.”

सर मूळचे देवळ्याचे. चिडले की अहिराणी बोली उसळून वर यायची. “हाऊ काय खेळ शे का?” असं ते ओरडले की आम्ही टी-शर्टच्या गळ्यात तोंड खुपसून हसायचो. एकदा आमच्या कॅप्टनने वैतागून विचारलंच, “सर, आमच्यात काहीच चांगलं नाही का हो?” सर शांतपणे म्हणाले, “काढणीच्या दिवशी सगळाच कांदा देखणा दिसतो गं. कांदाचाळीत भरून पावसाळा काढला की मग कळतं, टिकला कोणता आणि सडला कोणता. यंदाचं यंदा कळत नसतं.”

मला ते पटायचं नाही. मला त्यांच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं, यंदाची टीम चांगली आहे म्हणून. घरी माझ्या खेळाचं कोणाला काही नव्हतं. “चेंडू टाकून पोट भरतं का गं?” असं आई विचारायची, तेही कधीतरी फोन लागला तर.

रविवारी हॉस्टेल रिकामं व्हायचं. मुली आपापल्या गावी जायच्या. माझ्या घराला कुलूप. मग मी बॉल घेऊन एकटीच कोर्टवर जायची. तिथे पायरीवर सर बसलेले असत, तेही एकटेच. फारसं बोलणं होत नसे. मी धावत येऊन डाव्या हाताने लेअप टाकत राहायची, ते बघत राहायचे. निघताना म्हणायचे, “मागच्या वर्षीची एक मुलगी रविवारीसुद्धा यायची.” कोण ती, हे मी कधी विचारलं नाही. मनातून मात्र तिचा फार राग यायचा.

सरांनीच पाडलेली एक रीत होती. परीक्षा संपली की शेवटच्या वर्षाच्या मुलींनी सिमेंटच्या कोर्टवर पांढऱ्या रेषा नव्याने मारायच्या. ज्या कोर्टवर आपण पुन्हा खेळणार नाही, ते दुसऱ्यांना आखून द्यायचं. उन्हात गुडघे भाजत आम्हीही ते केलं. सर आले, एका टोकाला उकिडवे बसले, एक डोळा मिटून रेष बघितली. मी ब्रश हातात धरून वाट बघत उभी. “मागच्या वर्षी सरळ होत्या,” म्हणाले आणि गेले.

मी पदवीधर झाले. आमच्या घरातली पहिली. हे मी छाती पुढे काढून सांगते, त्यात लाजायचं काय? बापूंनी पाड्यावर पेढे वाटले. पण ते एक वाक्य राहून गेलं.

पुढच्या हिवाळ्यात मी स्टँडवर पेठच्या बसची वाट बघत होते. कॉलेजचा ट्रॅकसूट घातलेली एक मुलगी निरखून बघत जवळ आली.

“ताई, त्या पेठवाल्या तुम्हीच ना? फोटो आहे तुमचा जिमखान्यात.”

“हो. का गं?”

“का काय! सरांनी डोकं उठवलंय आमचं. मागच्या वर्षीची पेठची पोरगी रविवारी एकटी यायची! मागच्या वर्षीच्या पोरींनी रेषा कशा दोरी धरल्यासारख्या मारल्या! तुमच्यापायी रोज बोलणी खातो आम्ही.”

बसमध्ये खिडकीशी बसून मी रडले. कौतुक झालं होतं, आणि तेव्हा मी तिथे नव्हते.

पुढे मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि त्याच कॉलेजात खेळाची शिक्षिका झाले. सर निवृत्त झालेले. बायको वारल्यापासून सिडकोतल्या घरात एकटेच. रोज संध्याकाळी यायचे आणि कोर्टच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. मुलींना ते कोण, हेही ठाऊक नव्हतं. “आजोबा, बॉल द्या ना!” असं एक जण ओरडली, तेव्हा त्यांनी मुकाट्याने उठून दिला.

आता ते मला म्हणायचे, “तुमच्या वर्षीचे पास बघत राहावेत असे होते.” ज्यासाठी इतकी वर्षं जीव टांगलेला, ते आयतं कानावर पडत होतं. पण समोर माझ्या मुली पडलेल्या चेहऱ्याने उभ्या असायच्या. एकदा मी म्हटलं, “सर, यंदाचं काही बोला ना.”

“यंदाचं तू बोल,” ते म्हणाले. “आता तू आहेस ना?”

मग मी बोलू लागले. चांगला पास दिसला की त्याच क्षणी.

मागच्या वर्षीची आमची टीम उंच होती, तरी उपांत्य फेरीत हरली. यंदाच्या मुली बुटक्या, बदली खेळाडू एकच. पण पळायला काटक. ह्या मुलींना सरांनी एकदा तरी बरं म्हणावं, असं मला वाटत होतं. तेवढ्यात सर आजारी पडून दवाखान्यात दाखल झाले. मी भेटायला गेले तेव्हा खोलीत त्यांच्याजवळ कोणी नव्हतं. त्यांनी डोळे उघडले आणि कधी नव्हे ते विचारलं, “यंदा कसं आहे?”

“मागच्या वर्षीपेक्षा बरं आहे, सर.”

ते किंचित हसले. “मागच्या वर्षीपण बरं होतं गं,” म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

अंतिम सामना त्यांनी पाहिला नाही. त्याच्या आधीच गेले.

परवा शेवटच्या वर्षाच्या मुलींनी रेषा मारल्या. “मॅडम, सरळ आल्या का?” त्यांनी विचारलं. एक रेष जरा वाकडी होती. मी म्हटलं, “छान आल्यात.” मुली गेल्यावर रंग वाळेपर्यंत मी सरांच्या खुर्चीवर बसून राहिले. सांगायला शेजारी कोणी नव्हतं, म्हणून इथे लिहिते. यंदा आम्ही आंतरकॉलेज स्पर्धा जिंकलो. आमच्या कॉलेजात हे मागच्या कुठल्याच वर्षी झालं नव्हतं.