पाण्याच्या जारपाशी

"झोप लागती ना?"

भेटेल त्या माणसाला ती हेच विचारायची. आपण कसं 'जेवलात का' विचारतो, तितक्या सहज. डोळे रोखून नाही, चपलेचा पट्टा नीट करता करता, दुसरीकडेच बघत. समोरचा 'लागते की' म्हणून पुढे जायचा आणि थोडं जाऊन परत यायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी बोलताना आपण नको तेवढं बोलून बसतो.

कर्जतला माझं औषधाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. कॉलेज सुटलं की कळंबची गाडी येईपर्यंत ती माझ्या पायरीवर उभी राहायची आणि माझ्याच गिऱ्हाइकांना धरायची. एकदा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या न्यायला आलेल्या माणसाला तिने असं काही बोलतं केलं की तो गोळ्या काउंटरवरच विसरून गेला.

"अगं बाई, मला धंदा करू देशील का?" मी म्हटलं.

"काका, त्याला अ‍ॅसिडिटी नाय. भावाशी फाटलंय त्याचं. झोपतच नाय तो."

"तू काय डॉक्टर आहेस?"

"नाय ना. म्हणून तर नुसतं इचारते."

कपाळ माझं! मी गोळ्या फडताळात ठेवल्या. तो माणूस दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेला आणि जाताना 'ती पोरगी कधी येते' असंही विचारून गेला.

बारावीत तिच्या बाकावरची मैत्रीण गेली होती. कशी गेली ते सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही गाडी येताना दिसल्यावर. तेव्हापासून तिने आपल्यासारखी पोरंपोरी गोळा केली. मोठ्यांनी काही करायची वाट बघायची नाही, असं तिचं स्पष्ट म्हणणं होतं. समाजमंदिरात त्यांनी 'मानसिक आरोग्य' असा फलक लावून कार्यक्रम ठेवला. वडापाव खायला बरेच जण आले. तो संपल्यावर फलक आणि ही पोरं, एवढंच उरलं.

मग तिला क्रिकेट सुचलं. आमच्याकडे भातकापणी झाली की शेतं चोपून मैदानं होतात आणि गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. मांडव, कर्णे, बक्षिसाला कूलर आणि सकाळपासून कॉमेंट्री. ती म्हणाली, "काका, आउट झालेला पोरगा बघा कधी. एकटा बसतो. त्याला कोण इचारत नाय." तिच्या पोरांनी स्पर्धेत पाणी द्यायचं काम अंगावर घेतलं. आउट झालेल्याला पेला द्यायचा आणि शेजारी बसायचं, बस. ती स्वतः जारपाशी बसायची. दोन डावांच्या मधे कॉमेंट्रीवाला तिला माइक द्यायचा. "ज्याला झोप लागत नसंल त्यानं पाणी प्यायला या," एवढंच ती म्हणायची. पोरं हसायची, एकमेकांना ढकलायची. पण येत होती.

कळंबकडच्या संघाचा ओपनर असाच आला. साजगावला कारखान्यात कंत्राटी कामाला होता तो. त्याने चेंडू मारला की लोक आधी झाडावर बघायचे. तो कित्येक आठवडे धड झोपला नव्हता, घरात एका खोलीत बसून राहायचा. तिने त्याला बोलतं केलं, पनवेलच्या डॉक्टरकडे स्वतः घेऊन गेली. त्याच्या गोळ्या माझ्याकडून जायच्या. हळूहळू माणूस सुधारला. एकदा तर माझ्याशी गोळ्यांच्या भावावरून हुज्जत घालून गेला, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

पळसदरीला फायनल होती. ओपनरने सामना जिंकून दिला. मी ऐकलं ते तिच्याच तोंडून. जारपाशी येता-जाता सगळं कानावर पडलेल्या कॉमेंट्रीवाल्याला गहिवरून आलं. त्याने माइकवर सांगितलं, "मंडळी, या वाघाला मनाचा आजार झाला होता! डॉक्टरच्या गोळ्या घेऊन आज परत उभा राहिलाय! होऊ द्या टाळ्या!" सगळं मैदान उठून टाळ्या वाजवायला लागलं. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं हो. आपला माणूस बरा झाला की आपण वाजवून सांगतो, तसंच.

मांडवात त्याच्या होणाऱ्या सासरची माणसं बसली होती. साखरपुडा ठरत आला होता. ती माणसं बक्षीस समारंभाला थांबली नाहीत.

ओपनरने कूलर घेतला नाही. त्यानंतर तो कामावरही गेला नाही आणि माझ्याकडे गोळ्यांनाही आला नाही. ती रविवार आला की त्याच्या घरी जायची. त्याची आई दार लावून घ्यायची. "आमच्या पोराला येडा ठरवलास सगळ्या गावात. पाय ठेवू नको हितं." ही ओटीवर बसून राहायची, संध्याकाळी उठून यायची. कॉमेंट्रीवाला बिचारा माफी मागायला गेला, तर त्यालाही तेच.

माझ्याकडे आली तेव्हा पायरीवर उभी नाही राहिली, आत येऊन स्टुलावर बसली.

"काका, मी कुणाचं नाव कधी घेतलं नाय."

"माहीत आहे गं."

"मग कुणाशी भांडू मी?"

मला कॉमेंट्रीवाल्याचा राग यावा असं फार वाटत होतं. येत नव्हता. त्या आईचाही येत नव्हता. मी चहा मागवला. तिने घेतला नाही.

पुढे बोभाटा वाढला. हिच्या बापाला लोक विचारायला लागले, पोरगी येड्यांच्यात का फिरते, तिला स्थळ कसं येणार. बापाने तिला आत्याकडे नाशिकला धाडली. तिची पोरं अजून स्पर्धेत पाणी देतात, पण आता नुसतं पाणीच देतात.

गेल्या आठवड्यात ओपनरची आई दुकानात आली. तिने गोळ्यांचं रिकामं पाकीट काउंटरवर ठेवलं.

"ह्या द्या."

"मावशी, त्याची डॉक्टरची चिठ्ठी जुनी झाली. त्याला डॉक्टरकडे न्यावं लागेल."

"तो उठतच नाय ओ. माज्याशी बोलत नाय. भिंतीकडं तोंड करून पडलाय." मग पदर सारखा करत म्हणाली, "त्या पोरीला बोलवा. म्हणावं, मी दार उघडते."

मी फोन लावला. बंद होता. तसं मी सांगितलं.

"परत लावा," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

मी परत लावला.