पान पन्नासवरचं फूल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर ऐन मोक्याला कोणी चहा अंगावर उडवला तर मी उठून जाईन. प्रेमात पचका सगळ्यांचाच होतो हो, पण माझ्यासारखा? अख्ख्या मुलुंडमध्ये कोणाचा झाला नसेल!

त्या वर्षी मी कॉलेज सोडलं. सोडलं म्हणजे लाथ मारून सोडलं. जुनाट वह्यांतलं वाचून दाखवणाऱ्या प्राध्यापकांपुढे जांभया देण्यापेक्षा पेंटरच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवणं बरं, असं माझं म्हणणं. बाबांचं म्हणणं अर्थातच वेगळं. त्यांची मिल संपात गेली, आता आग्रा रोडवरच्या कारखान्यात टाइमकीपर. पण रुबाब असा, की जगातली सगळी घड्याळं यांना विचारून चालतात. जेवणाआधी आणि जेवणानंतर त्यांचं मालवणीत एकच पालुपद, "कादंबऱ्या वाचून फुकट गेलंस तू!"

आमच्या घरात कादंबरी म्हणजे गांजा. म्हणून मी लायब्ररीत खातं उघडलं ते माझ्या दोस्ताच्या, सुध्याच्या नावावर.

आता खरं सांगतो. नाक्यावर मी दुनिया उलथवायच्या गप्पा मारायचो, आणि घरी गोधडीत शिरून वाचायचो काय? ज्यात नायिका खिडकीत उभी राहून उसासे टाकते, तसली पुस्तकं! हसा, हसा.

लायब्ररीत सगळ्या पुस्तकांना सारखेच खाकी पुठ्ठे. कुठलं वाचलंय, कुठलं नाही, कळणार कसं? म्हणून प्रत्येक वाचक आपल्या ठरलेल्या पानावर खूण करून ठेवायचा. कोणाची फुली, कोणाचं टिंब. आणि पान पन्नासवर, मला आवडलेल्या प्रत्येक पुस्तकात, एक फूल! पाच पाकळ्यांचं. पेन्सिलीचं. इतकं हलकं, की फुंकर मारली तर उडून जाईल.

एकदा मी त्या फुलाशेजारी एक पक्षी काढून पुस्तक परत केलं. महिन्याभराने हाती आलेल्या दुसऱ्याच पुस्तकात फुलाला फांदी फुटलेली! म्हणजे तिने माझा पक्षी पाहिला होता. मग मी फांदीवर पक्षी बसवला. तिने फांदीला पानं काढली.

ती म्हणजे कोण? मला काय ठाऊक! लायब्ररीवाले मामा इतके खवट, की विचारलं असतं तर खातंच बंद केलं असतं. म्हणून चेहरा मीच दिला. शिडीवर उभा राहून 'किराणा' रंगवता रंगवता ब्रश थांबायचा. समोर डोंगरामागे ऊन उतरत असायचं, सगळं मुलुंड केशरी व्हायचं, आणि त्या केशरात कुठल्यातरी गॅलरीत ती वेणी पुढे घेऊन पान पन्नास उघडते आहे... "अरे ए, रंग खाली सांडतोय!" खालून पेंटर ओरडायचा.

शेवटी दुसरा दोस्त, नंदू, वैतागला. "किती दिवस झाडंझुडपं काढणार यार? भेटायला बोलाव ना तिला!"

लायब्ररीत जुन्या पुस्तकांची विक्री लागणार होती. मी पक्ष्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, "विक्रीच्या रविवारी, संध्याकाळी पाच. याल?"

काही दिवसांनी एका पुस्तकात फुलाखाली उत्तर आलं. "हो."

एकच अक्षर! पण त्या एका अक्षरावर मी आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

रविवारी मी राजा. पगार खिशात होता. सकाळी सलूनमध्ये केसांना फुगा काढला. फुटपाथवरून गॉगल घेतला. मनगटाला अत्तर लावलं. मग दोघा दोस्तांना घेऊन उडप्याकडे मसाला डोसा, वर लाल चेरीवालं आईस्क्रीम.

"आजच एवढं करतोस, लग्नात काय हत्तीवरून येणार काय?" नंदू म्हणाला.

"तिला हत्ती आवडत असेल तर येईन," मी म्हणालो. चेरीसुद्धा मी त्या दिवशी चावली नाही, चघळत राहिलो.

दोस्तांना खाली उभं केलं आणि लायब्ररीचा जिना चढलो. ढिगाऱ्यातून शोधून नेमकं ते पहिलं पुस्तक विकत घेतलं, फुलाला पक्षी भेटला होता ते. तिला द्यायला.

पाच वाजले. जिन्यावर पावलं वाजली. मी गॉगल सावरला.

आणि वर आले आमचे बाबा!

वाट लागली! इस्त्रीचा शर्ट, तेलाने चापून बसवलेले केस, मानेवर पावडर. मी कपाटाआड सरकलो. हा माणूस नेमका आजच कुठून उगवला? आता ती येणार आणि हे तिच्यासमोर माझा उद्धार करणार!

मी खिडकीतून नंदूला खूण केली. तो धावत वर आला. "काका, घरी पाहुणे आलेत, चला लवकर."

"येऊ देत. चहा घ्यायला सांग त्यांना," बाबा म्हणाले आणि घड्याळाकडे बघत बसले.

जिन्यावर चप्पल वाजली की मी ताठ व्हायचो. बाबाही ताठ व्हायचे. एक आजीबाई व्रतकथेचं पुस्तक शोधत आल्या, तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच केसांवरून हात फिरवला. तेवढ्यात बाबांना मी दिसलो.

"काय रे, हंय काय करतंस?"

"इथे? पुस्तक घ्यायला आलो. तुम्ही?"

"मी... असोच."

खालून सुध्याला राहवेना. तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "ए पक्ष्या! आलं का रे तुझं फूल?"

बाबा दचकले. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक ओढलं आणि उघडलं. शोधाशोध नाही, काही नाही. थेट पान पन्नास.

"पक्षी... तू?"

"फूल... तुम्ही?"

मामा चष्म्यावरून खेकसले, "घ्यायचं तर घ्या, उभ्याने वाचू नका!"

बाबांनी पानावरच्या पक्ष्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "मिल गेल्यापासून रात्रपाळीक वेळ जायना रे. माका वाटला, कोणतरी आपल्यासारख्याच वाचणारा आसा." आणि लगेच इकडे तिकडे बघून, "आवशीक सांगू नको."

आईला सांगणार नाही, अशी मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

"ह्या पुस्तक कोणासाठी घेतलंस?"

"फुलासाठी."

"मग दे हंय!"

माझ्या आयुष्यात मला 'हो' म्हणालेली ती पहिली व्यक्ती. तिने पुस्तक काखेत मारलं. जिना उतरता उतरता थांबली. मी शिडीवरून स्वप्नात शंभरदा पाहिलं होतं अगदी तश्शीच मागे वळली, माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं, आणि म्हणाली,

"तो चष्मो काढ आदी. माकडासारखो दिसतंस!"