खालून धरणारे हात

माझा थोरला भाऊ हवाई दलात विमानं दुरुस्त करायचा. आम्ही सिंदीचे सुतार; बाबा बैलगाड्या, वखरं घडवायचे. पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत शिकवणीच्या काही विमानांचे पंख लाकडी असत, वर कापड ताणलेलं. घरचीच विद्या दादाच्या कामी आली.

एका दिवाळीला तो रजेवर आला, तेव्हा त्यानं एक कापडी बिल्ला आणला होता. त्याच्या तुकडीचं चिन्ह. ओंजळीसारखे दोन हात आणि वर पंख पसरलेलं पाखरू. बाबांनी ते उजेडात धरून पाहिलं.

"हात खाली काऊन?"

"पाखरू म्हंजे विमान, बाबा. हात आमचे. आमी उडत नाई, पण खालून धरल्याबिगर थेही उडत नाई."

जुन्या मिस्त्र्यांनी त्या चिन्हासोबत एक रीतही घालून दिली होती. ज्यानं विमान दुरुस्त केलं, त्यानंच पहिल्या उड्डाणात वैमानिकाच्या मागं बसायचं. आई घाबरली.

"तू नोको बसू."

"मंग दुसऱ्यानं काऊन बसावं, आई?"

उन्हाळ्यात तार आली. तशाच एका उड्डाणात विमान कोसळलं होतं. दादा गेला, चालवणारा तरुण वैमानिकही गेला.

बाबा रडले नाहीत. जेवायला बसत आणि तसेच उठत. कामावर सांधा जुळवताना त्यांचा हात मधेच थांबायचा. त्यांच्या मनात काय चाललंय, ते मला कळत होतं, पण विचारायचा धीर झाला नाही.

पावसाळ्याआधी एक अधिकारी दादाची ट्रंक घेऊन आले. बाबांनी चहाही विचारला नाही.

"साहेब, पोरानं जोडलेला पंखाचा सांधा सुटला काय?"

ते हिंदीत म्हणाले, "नहीं बाबा. इंजन बंद हुआ था. आपके बेटे का पंख आख़िर तक साबुत था."

बाबांनी दादाच्या ट्रंकेवर हात ठेवला. "म्हंजे माह्या पोराच्या हातानं त्या दुसऱ्या लेकराचा जीव गेला नाई," एवढंच म्हणाले आणि हमसून रडू लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

साहेबांनी ते चिन्ह कोरलेली पितळी ढाल दिली. आईनं ती भिंतीवर लावू दिली नाही. "यात हातच दिसते. माह्या लेकाचं तोंड कुठी आहे?"

पुढं लाकडी विमानं गेली, धातूची आली. चिन्ह तेच राहिलं, असं ऐकते. नव्या पोरांना त्याचा अर्थही सांगतात म्हणे.

ढालीवरून बाबांनी आईशी वाद घातला नाही. साहेब येऊन गेले, त्याच आठवड्यात ते पुन्हा पोटभर जेवू लागले. आई मात्र नाही.