दंडारीला करंट बक्षीस

माझी गाडी भावाच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपत होती. रिटायर झालेल्या बहिणीनं गोठ-पाटल्या करायच्या सोडून विजेवर चालणारी गाडी घ्यावी, हे त्याला पटेचना. ‘प्लगवाली’ हे नाव त्यानंच ठेवलं. “तुया प्लगवालीले जंगलात करंट कोण देईन वो? वाघ?” असं विचारायचा आणि स्वतःच हसायचा. आम्ही चंद्रपूरचे. आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर संध्याकाळपर्यंत वीज केंद्राच्या कोळशाची काळी धूळ बसते. धूळ आम्ही खायची आणि करंट मात्र दुसऱ्यांनी वापरायचा, असा कुठला कायदा आहे? हे मी त्याला तोंडावर विचारलं. त्यावर तो म्हणाला, “तू भांडायसाठीच जन्मली.” असेन.

खरी गोष्ट आईची आहे. आईनं जन्मात कधी बिडीला हात लावला नाही, पण सारा जन्म चुलीसमोर फुंकणी घेऊन बसली. त्या धुरानं तिची फुप्फुसं खाल्ली. आता हवेतून ऑक्सिजन काढून देणारी मशीन तिच्या खाटेशेजारी घरघरत असते आणि तिची नळी दिवसभर आईच्या नाकात असते. मशीन भिंतीतल्या सॉकेटला जोडलेली. नळी जिथवर पोचते तिथवर आईचं जग. मागचं दारही त्या जगात येत नाही.

आईचं माहेर कोरचीकडे, घाट चढून गेल्यावर जंगलात. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे उतरतात आणि दिवसा चौकात दंडार होते. पुरुषच लुगडी नेसतात, पुरुषच नाचतात, गातात, सोंगं आणतात. माझे आजोबा दंडारीत ढोलकी वाजवायचे. मशीन लागल्यापासून आई एकाही मंडईला गेली नव्हती. त्या थंडीत माहेरून बोलावणं आलं आणि आई म्हणाली, “मी जातो.” विचारलं नाही, सांगितलं.

भावानं साफ नकार दिला. त्याच्या डिझेल जीपमध्ये आई दहा मिनिटं बसली तरी खोकून बेजार होते, हे त्यालाही ठाऊक होतं. माझ्या गाडीत धूर नव्हता, आणि मागच्या सीटखाली घरातल्यासारखं सॉकेट होतं. त्यावर मशीन चालते, हे मी अंगणात चालवून दाखवलं. डॉक्टरांनी एक लहान सिलिंडर जास्तीचा सोबत ठेवायला सांगून परवानगी दिली. तेव्हा भावाचा नाइलाज झाला, पण अट घातलीच. “एका दिवसात वापस आणजो. रस्त्यात गाडी बंद पडली, तर याच्यानंतर आईले घराबाहेर नेयाचं नाव काढू नको.” आईसमोर बोलला, आई जणू त्या खोलीत नव्हतीच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, ठीक आहे.

पहाटे निघालो. मूलच्या पुढे धुकं इतकं दाट होतं, की समोरच्या ट्रॅक्टरवरची धानाची पोती अगदी जवळ पोचल्यावरच दिसत होती. ब्रह्मपुरीला एका हॉटेलसमोर चार्जर आहे. तिथे गाडी पूर्ण भरून घेतली. तिथून पुढे, थेट परत तिथेच येईपर्यंत, कुठेही चार्जर नाही. हीटर लावला की चार्ज भराभर उतरतो, म्हणून मी हीटर बंद ठेवला. आईला दोन ब्लँकेटांत गुंडाळलं होतं. तरी तिचे ओठ थरथरताना मला आरशात दिसत होते. “लावू का हीटर?” म्हटलं तर म्हणाली, “मले थंडी नाई लागून राह्यली. तू समोर पाह्य.”

घाटाच्या मध्यावर तिची नळी नीट करायला मी गाडी थांबवली. नळी बसवून परत स्टिअरिंगवर बसते तोवर मागून आलेल्या ट्रॅक्टरवरून दोन धानवाले उतरले आणि काही न विचारता गाडी ढकलू लागले. इंजिनाचा आवाज नाही, म्हणजे गाडी बंद पडली असा त्यांचा सरळ हिशेब. “चालू आहे वो भाऊ!” मी ओरडले. “हो हो, आता होईन चालू,” म्हणत त्यांनी आणखी जोर लावला. आई इतकी हसली, की तिला धाप लागली. मला मात्र त्या दोघांचा रागच आला होता. चढावर बॅटरीचे टक्के डोळ्यांदेखत घसरत होते आणि माझं सगळं लक्ष त्यातच होतं.

गावात पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते मामाच्या घरच्या सॉकेटला गाडीतला लहान चार्जर लावण्याचं. मंडईच्या लायटिंगनं आणि भोंग्यानं गावाचं व्होल्टेज पार खाली गेलं होतं. चार्जर लाल दिवा दाखवून रुसून बसला. म्हणजे जे होतं त्यावरच परत जायचं. मनातल्या मनात हिशेब केला, पुरत होतं. गाडी चौकाच्या कडेला लावली, दार उघडं ठेवलं, आणि आई आत बसून, नाकात नळी घालून दंडार बघू लागली. लुगडं नेसलेला एक मिशाळ गडी गिरक्या घेत होता. आईची बोटं ढोलकीबरोबर मांडीवर चालत होती. तिला असं मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

आणि लाइन गेली.

भोंगा मुका झाला. ढोलकी ऐकू येत होती, पण गाणाऱ्याचा आवाज चौथ्या रांगेपलीकडे जाईना. आजूबाजूच्या गावांतून आलेली माणसं उठू लागली. मंडळाचा अध्यक्ष माझा मामेभाऊच. तो गाडीजवळ आला आणि डोकं खाजवत म्हणाला, “बाई, तुमच्या गाडीत करंट हाये म्हणते पोट्टे. भोंग्याले भेटन का?”

“नाही भेटणार,” मी म्हटलं. “आईला घरी न्यायला तो लागतो.”

तो बिचारा लगेच मागे फिरला. आईनं त्याला हाक मारून थांबवलं आणि माझ्याकडे वळली. “काऊन नाई म्हणतं वो?”

मी तिला सगळं समजावलं. भोंगा संध्याकाळपर्यंत चालला तर ब्रह्मपुरीपर्यंत पुरेल याची खात्री नाही. रस्त्यात अडकलो तर भाऊ तुला पुन्हा कुठे जाऊ देणार नाही. तुझ्यासाठीच तर सांगते आहे.

“तोबी हेच म्हणते. आईसाठी, आईसाठी,” आई म्हणाली. तिला दम लागत होता, पण ती थांबली नाही. “मी इथी जीव वाचवाले नाई आली. दंडार पाह्याले आली. माह्या माहेरचा मांडव मुका करून मले घरी नेतं का?”

मला संताप आला, कारण ती बरोबर बोलत होती. मी मागच्या सीटखालच्या सॉकेटला लावलेल्या बोर्डात त्यांची वायर खुपसली. आईची मशीन आणि गावाचा भोंगा शेजारी शेजारी चालू झाले.

आमच्याकडे दंडारीत कुणी बक्षीस दिलं की खेळ थांबवून माइकवरून ते पुकारतात. बहुतेक पुरुषांचंच पुकारलं जातं. तो लुगडं नेसलेला मिशाळ गडी माइकवर आला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, “मंडळी! आपल्या गावची लेक, नाकात नळी घालून, घाट चढून आली. तिच्याकडून आपल्या दंडारीले करंट बक्षीस!” चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. ढोलकीवाल्यानं एक लांबलचक तुकडा वाजवला. आईनं पदर डोक्यावर घेतला, पाठ सरळ केली आणि एखाद्या पाटलासारखी मान हलवून बक्षीस मान्य केलं.

दंडार संपल्यावरच निघालो. बॅटरीचा आकडा माझ्या हिशेबापेक्षा बराच खाली उतरला होता. भावाचे फोनवर फोन येत होते, मी घेतले नाहीत. पण सकाळी ज्या घाटानं मला रडवलं, तोच आता उताराचा होता. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की गाडी स्वतःच आवरत उतरते आणि उतरताना थोडा थोडा करंट परत कमावते. एक टक्का वाढला. मग आणखी एक. मी मोठ्यानं आकडे वाचत होते आणि आई मागून प्रत्येकाला “हां!” म्हणत होती. पुढे सपाटीवर बैलगाडीच्या मागे बैलगाडीच्या चालीनं गेलो. मागचे हॉर्न मारून मला शिव्या देत होते, मी मनातल्या मनात परत देत होते. ब्रह्मपुरीचा चार्जर दिसला तेव्हा समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकत होती. गाडी पुन्हा पोटभर भरली आणि तिथे आम्ही दोघींनी गरम भजी खाल्ली.

घरी पोचलो तेव्हा भाऊ फाटकात शाल गुंडाळून उभा होता. त्यानं आधी आईच्या नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काळजीनं त्याचा चेहरा उतरला होता, हे मला दिसलं. पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच. “झाली ना हौस? आता बस. याच्यानंतर नाई.” आणि त्यानं आईला उतरवायला दार उघडलं.

आईनं दार आतून ओढून घेतलं आणि काच चार बोटं खाली केली.

“मी नाई उतरत. पयले म्हण, पुढच्या साली जाशीन.”

“आई, थंडी हाये. आत चाल.”

“म्हण.”

“अवं मशीन...”

“मशीन चालून राह्यली. गाडीत करंट हाये, तुया घरातल्यापेक्षा जास्त. मी सकाळपर्यंत बसतो.” ती ब्लँकेट सारखं करून ऐसपैस बसली. मग दिवसभरात पहिल्यांदाच मला म्हणाली, “बाई, हीटर लाव वो. फुल लाव.”

मी फुल लावला. भाऊ काचेबाहेर शाल आवळत उभा राहिला.