देवळात बांधलेला पडदा

तापलेल्या प्रोजेक्टरचा वास आला की पोलादपूरच्या डोंगरातल्या एका गावची रात्र आठवते. परग्रहावरच्या हिरव्या माणसांचे विज्ञानपट रात्रभर दाखवायला मी महाडहून गेलो होतो आणि विचार न करता देवळाच्या सभामंडपात पडदा बांधला. बौद्धवाडीतली माणसं पायऱ्यांखाली गारठ्यात उभीच राहिली. मी वर बोलावलं, तेव्हा त्यांच्यातली एक आजी पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली, "आभाळातून उतरलेला तो हिरवा देवळात चालतो रे, आमी नाय." मी चालू पिक्चर बंद केला. "आता कुठं रंगात आलाय, तुझी क्रांती उद्या कर!" मंडपातून कुणी ओरडलं. मी पडदा सोडून शाळेच्या भिंतीवर बांधला. निम्मा गाव घरी गेला. उरलेले आजीसोबत एकाच ताडपत्रीवर पहाटेपर्यंत बसले. त्या रात्रीवर मी पुढे आमच्या चळवळीसाठी पत्रक काढलं, पण पडदा आधी देवळात मीच बांधला होता, हे त्यात लिहिलं नाही.